ओरिजिनल खरेदीखत हरवलं तर काय करायचं, महाराष्ट्रातल्या जमिनीपुरतं सगळं एका ठिकाणी

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, खरेदीखत हरवलं म्हणजे जमीन गेली असं काही होत नाही. रजिस्टर झालेला दस्त असेल तर त्याची अख्खी नोंद सरकारकडे असते आणि ती तुमच्या कपाटावर अवलंबून नसते. पण दुसरी गोष्ट बहुतेकांना कोणी नीट सांगत नाही. हरवलेल्या खरेदीखताचं "नवीन ओरिजिनल" असा प्रकारच नाहीये. लायसन्स हरवलं की डुप्लिकेट लायसन्स मिळतं तसं इथे होत नाही. दुय्यम निबंधक (सब-रजिस्ट्रार, जिथे दस्त नोंदवतात) ऑफिसमधून मिळते ती सही शिक्क्याची नक्कल, म्हणजे सर्टिफाईड कॉपी. त्यामुळे कोणी एजंट "ओरिजिनल परत बनवून देतो" म्हणत असेल तर तिथून सरळ उठून निघायचं, तो एकतर नक्कलच देणार आणि दहापट पैसे घेणार, नाहीतर काहीतरी खोटं करून तुम्हालाच अडकवणार.

नक्कल मिळवणं हा खरं तर सोपा भाग आहे. खरं काम आहे ते "ओरिजिनल खरंच हरवलंय, ते कुठे गहाण पडलेलं नाहीये" हे पुढच्या माणसाला पटवणं, आणि लोक नेमकं तिथेच ढिले पडतात. नक्कल काढतात, फाईलला लावतात, विषय संपला म्हणून पाच-सात वर्षं शांत बसतात, आणि विकायच्या वेळी घेणाऱ्याचा वकील विचारतो की ओरिजिनल कुठाय, हरवलं तर तेव्हा तक्रार केली का, जाहिरात दिली का, आणि मग धावपळ.

वकील एवढं का ताणतो तेही समजून घ्या. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 58 (एफ) प्रमाणे नुसते मूळ कागद बँकेकडे किंवा सावकाराकडे ठेवून कर्ज घेता येतं, जमीन लिहून द्यावी लागत नाही. म्हणजे ओरिजिनल कागद ज्याच्या हातात त्याचा जमिनीवर बोजा असू शकतो. सही शिक्क्याची नक्कल मात्र कोणीही काढू शकतो, अगदी ज्याचा त्या जमिनीशी संबंध नाही असा माणूससुद्धा, कारण नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 57 नुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक 1 फी भरून कोणालाही बघता येतं आणि त्याची नक्कल घेता येते. म्हणून नुसती नक्कल दाखवली की घेणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. तुम्हाला जी फाईल तयार करायचीये ती ही शंका घालवण्यासाठी.

हरवलं म्हणायच्या आधी

पोलीस स्टेशनला जायच्या आधी एकदा डोकं शांत ठेवून शोधा, आणि फक्त घरात नाही. सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना बघा. तिथे एखाद्या बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा दिसत असेल तर ओरिजिनल तिथेच पडलेलं असायची बरीच शक्यता आहे. वडिलांनी किंवा आजोबांनी विहिरीसाठी, पाइपलाइनसाठी, ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं, फेडलं, पण कागद आणायला कोणी गेलंच नाही, हे गावोगाव दिसतं. कर्ज फिटलं तरी बोजा तसाच राहतो, तो बँकेचा निल (काही बाकी नाही असा) दाखला नेऊन तलाठ्याकडून कमी करून घ्यावा लागतो, ते वेगळंच काम.

जमिनीची केस कधी चालली असेल तर ओरिजिनल कोर्टात पुरावा म्हणून दाखल केलेलं असू शकतं, ते अर्ज करून परत मागता येतं. जुना वकील, वाटणीच्या वेळी ज्या भावाकडे सगळी कागदं दिली तो भाऊ, प्लॉटिंगवाला, सगळ्यांना विचारा. आणि विचारलंय हे लक्षात राहू द्या, नंतर प्रतिज्ञापत्रात "शोध घेतला पण मिळून आलं नाही" असं लिहायचंय ते खरं असलेलं बरं.

अजून एक जागा आहे जी कोणाच्या लक्षात येत नाही. कॉम्प्युटरवर नोंदणी सुरू व्हायच्या आधी, म्हणजे साधारण 2002 च्या आधी, बरेच दस्त फोटो कॉपीसाठी पुण्याच्या शासकीय फोटो नोंदणी कार्यालयात जायचे आणि परत यायला खूप वेळ लागायचा, कधी कधी वर्षं. तोपर्यंत लोक विसरून जायचे, ती पावती कुठेतरी गादीखाली, आणि ओरिजिनल दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात तसंच. त्यामुळे घरात जुनी नोंदणी फीची पावती सापडली पण दस्त कधी कोणी बघितल्याचं आठवत नाही, असं असेल तर आधी त्या ऑफिसात चौकशी करा. फक्त नोंदणी अधिनियमाच्या कलम 85 प्रमाणे दोन वर्षांपेक्षा जास्त काळ कोणी न नेलेले दस्त (मृत्युपत्र सोडून) नष्ट करता येतात, त्यामुळे मिळेलच अशी खात्री नाही, पण विचारायला काय जातंय.

खरेदीखत होतं का मुळात?

हे विचित्र वाटेल पण वडिलोपार्जित शेतीबाबत हा प्रश्न विचारावाच लागतो. "आमच्या जमिनीचे ओरिजिनल पेपर हरवलेत" म्हणणाऱ्या पुष्कळ लोकांच्या जमिनीला खरेदीखत कधी झालेलंच नसतं. पणजोबांच्या नावाने जुनी नोंद, त्यांच्यानंतर वारस नोंद, मग वाटणी, मग परत वारस नोंद, असं ते आलेलं असतं. अशा जमिनीचा हक्क दाखवायला फेरफारांची (सातबाऱ्यावर नाव बदलल्याच्या नोंदींची) साखळी, जुने सातबारे, वाटणीचा आदेश हेच कागद लागतात आणि ते सगळे तलाठी, तहसीलचं रेकॉर्ड रूम आणि भूमी अभिलेख ऑफिसमधून परत काढता येतात. मराठवाड्यात असाल तर 1954-55 चं खासरा पत्रक काढा, तिकडच्या जुन्या हक्काच्या वादात ते फार कामाला येतं.

आणि इथेच एक गैरसमज काढून टाकतो. सातबारा म्हणजे मालकी हक्काचा कागद नाही. महसूल वसुलीसाठीचं ते रेकॉर्ड आहे, आणि फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही किंवा जात नाही हे सुप्रीम कोर्टाने कितीतरी वेळा सांगितलंय. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानतात, एवढंच. आपल्याकडे सरकार "ही जमीन या माणसाची" अशी गॅरंटी देणारं टायटल सर्टिफिकेट देतच नाही, मालकी ही कागदांच्या साखळीवरून ठरते. त्यामुळे साखळीतला एक कागद हरवला तर तो एक दुवा परत जोडायचा, एवढाच विषय आहे.

दस्त क्रमांक शोधणं, म्हणजे अर्धी लढाई

नक्कल काढायला तीन गोष्टी लागतात. कुठल्या दुय्यम निबंधक ऑफिसात नोंदवला, दस्त क्रमांक काय, वर्ष कुठलं. घरात झेरॉक्स असेल तर तिच्यावर हे मिळेलच, नवीन दस्तांवर प्रत्येक पानावर ऑफिसचं लघुरूप, मग क्रमांक, मग वर्ष असं छापलेलं असतं. झेरॉक्स नसेल तर सातबारा उघडा.

सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी एक आकडा असतो, तो फेरफार नंबर. खाली जुने फेरफार क्रमांकही दिलेले असतात. तुमच्या नावावर (किंवा वडिलांच्या नावावर) जमीन ज्या फेरफाराने आली तो फेरफार, म्हणजे गाव नमुना 6 चा उतारा, तलाठ्याकडून घ्या. जुना असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून, आणि काही जिल्ह्यांचं जुनं रेकॉर्ड स्कॅन करून आपले अभिलेख या साइटवर टाकलेलं आहे, तिथे बघा. त्या फेरफारात बहुतेक वेळा सरळ लिहिलेलं असतं की अमुक तारखेच्या नोंदणीकृत खरेदीखत क्रमांक अमुक अन्वये घेणाराचं नाव दाखल केलं. झालं काम. शहरातली मिळकत असेल तर सातबाऱ्याऐवजी प्रॉपर्टी कार्डवर हेच शोधायचं.

नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये मोफत शोधही घेता येतो. मुंबईचं रेकॉर्ड तिथे 1985 पासूनचं मिळतं, बाकी महाराष्ट्राचं साधारण 2002 पासूनचं. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकायचा, कॅप्चा भरायचा, आणि इंडेक्स टू म्हणजे सूची क्रमांक 2 ची नोंद समोर येते, ज्यात देणार घेणारांची नावं, मोबदला, क्षेत्र, तारीख, दस्त क्रमांक सगळं असतं. एका वेळी एकच वर्ष शोधता येतं त्यामुळे वर्ष आठवत नसेल तर एकेक वर्ष टाकत बसावं लागतं, साइट दिवसा भयंकर स्लो असते, कॅप्चा दोनदा टाकल्याशिवाय पुढे जात नाही, रात्री किंवा भल्या सकाळी बसा. इंडेक्स टूची प्रिंट काढून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी हीच दाखवायचीये.

त्याच्या आधीचा दस्त असेल तर प्रत्यक्ष ऑफिसात शोध अर्ज द्यायचा. शोधाची फी वर्षाप्रमाणे लागते म्हणून "1970 ते 2000 मध्ये कधीतरी" असं सांगू नका, फेरफाराची तारीख असेल तर दस्त तिच्या थोडा आधीचाच असणार, तेवढीच एक-दोन वर्षं शोधायला सांगा.

आता गट नंबरची गंमत. बऱ्याच गावात एकत्रीकरण झालं (1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली) आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तुमचं खरेदीखत एकत्रीकरणाच्या आधीचं असेल तर ते रजिस्टरमध्ये जुन्या सर्व्हे नंबरने चढलेलं असणार, आणि तुम्ही गट नंबर घेऊन शोधत बसाल तर जन्मात सापडणार नाही. भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसमधून एकत्रीकरणाचा 9(3) 9(4) चा उतारा काढा, त्यात कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते कळतं. तसंच तालुका किंवा जिल्हा नवीन झालेला असेल तर जुनं रेकॉर्ड जुन्या ऑफिसातच असू शकतं, पालघर जिल्हा 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, तिथल्या लोकांनी हे आधी विचारून घ्यावं. आणि दस्त फारच जुना निघाला तर तो मोडीत असू शकतो, मराठवाड्यात निजामाच्या काळातला असेल तर उर्दूत. नक्कल तशीच मिळते, मग वाचून देणारा जाणकार शोधून देवनागरीत लिप्यंतर करून घ्यायचं आणि त्याची सही घ्यायची.

नक्कल काढणं

दस्त क्रमांक हातात आला की बाकी काही अवघड नाही. त्या दुय्यम निबंधक ऑफिसात साधा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प लावून, सोबत इंडेक्स टूची प्रिंट आणि ओळखपत्राची झेरॉक्स. नकलेची फी ग्रास प्रणालीवर (सरकारी पैसे भरायची साइट) ऑनलाइन चलन काढून भरता येते, चलन भरताना हेड (पैसे कुठल्या सरकारी खात्यात जाणार ते) बरोबर निवडा नाहीतर पैसे भलतीकडे जातात आणि परत मिळवणं म्हणजे डोकेदुखी, त्यापेक्षा ऑफिसातल्या क्लार्कला आधी विचारून घ्या. अर्जात स्पष्ट लिहा की "संपूर्ण दस्ताची, सर्व जोडपत्रांसह" नक्कल पाहिजे, नुसतं नक्कल लिहिलं की कधी कधी इंडेक्स टूचीच सही शिक्क्याची प्रत हातात ठेवतात आणि परत चक्कर. मिळाली की तिथेच उभं राहून पानं मोजा, नकाशा, मुखत्यारपत्राची प्रत वगैरे जोडपत्रं आलीत का बघा, प्रत्येक पानावर शिक्का आहे का बघा. जमलं तर दोन प्रती काढा, एक जपून ठेवायला आणि एक फिरवायला.

काही ठिकाणी सांगतात की आधी पोलिसांचा दाखला आणा मग नक्कल देतो. पुस्तक 1 च्या दस्तासाठी तसं बंधन कायद्यात नाहीये, कलम 57 दाखवून नम्रपणे बोला, भांडायला जाऊ नका, उद्या परत त्याच टेबलावर जायचंय. उगाच लटकवत असतील तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 आहे. अर्जाची पोच तारखेसह घ्या, मुदतीत काम झालं नाही तर त्याच खात्यात पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. बऱ्याचदा पोच मागितली की काम आपोआप हलतं.

या नकलेला कोर्टात किंमत आहे का, तर आहे. कलम 57 च्या पोटकलम 5 प्रमाणे ती मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला चालते, आणि ओरिजिनल हरवलं असेल तर दुय्यम पुरावा देता येतो हे भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 60 मध्ये आहे (जुन्या पुरावा कायद्यातलं 65). पण "हरवलं" हे आधी दाखवावं लागतं, म्हणून पुढचा भाग.

पोलीस, जाहिरात, प्रतिज्ञापत्र

माझा सल्ला, इंडेक्स टू काढल्यावरच पोलिसांकडे जा, कारण तक्रारीत दस्त क्रमांक, तारीख, गट नंबर अचूक आला पाहिजे. "जमिनीचे कागदपत्र हरवले" अशी मोघम तक्रार पुढे काही कामाची नाही. अपवाद एकच, चोरीचा संशय असेल किंवा घरातलाच कोणी घेऊन गेलाय असं वाटत असेल तर त्याच दिवशी जा, नंबर नंतर जोडता येतो. चोरी असेल तर एफआयआर, नुसतं गहाळ झालं असेल तर गहाळ रजिस्टरला नोंद होऊन दाखला मिळतो. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर ऑनलाइनही हरवल्याची नोंद करता येते, पण जमिनीच्या कागदासाठी बँका आणि वकील स्टेशनच्या सही शिक्क्याचा दाखला बघितल्यावरच समाधानी होतात, म्हणून प्रत्यक्ष जाणं बरं. हद्दीचा प्रश्न निघतो, कागद जिथे हरवला ते स्टेशन, जमीन जिथे आहे ते नाही. अर्ज साधारण असा लिहायचा:

"मी खाली सही करणार, राहणार ……, अर्ज करतो की मौजे ……, तालुका ……, जिल्हा …… येथील गट नंबर ……, क्षेत्र …… ही मिळकत मी दिनांक …… रोजीच्या खरेदीखताने घेतली असून सदर दस्त दुय्यम निबंधक …… यांचे कार्यालयात क्रमांक …… ने नोंदलेला आहे. सदर मूळ खरेदीखत, एकूण पाने …… , दिनांक …… चे सुमारास …… येथून …… येथे जाताना / घर बदलताना गहाळ झाले असून शोध घेऊनही मिळून आले नाही. सदर मूळ दस्त मी कोणत्याही बँकेकडे, पतसंस्थेकडे अगर व्यक्तीकडे गहाण किंवा तारण ठेवलेला नाही. तरी गहाळ झाल्याबाबत नोंद घेऊन दाखला मिळावा."

हरवण्याची तारीख नक्की माहीत नसेल तर सुमारास लिहा, बनवून लिहू नका. आणि शेवटचं गहाणाचं वाक्य खरं असेल तरच टाका. पोलिसांना खोटी माहिती देणं गुन्हा आहे, आणि जे लोक बँकेत कागद असताना "हरवले" म्हणून दाखला काढतात ते नंतर फसवणुकीत सापडतात.

महापुरात गेलं असेल, 2005 चा मुंबईचा, 2019 चा सांगली कोल्हापूरचा, 2021 चा चिपळूण महाडचा, तर त्यावेळच्या पंचनाम्याची प्रत शोधा. नुकसान भरपाईसाठी तलाठ्याने केलेला पंचनामा हा तुमच्या बाजूने फार चांगला कागद आहे. आणि भिजून लगदा झालेलं, अर्धं फाटलेलं, वाळवी लागलेलं ओरिजिनल फेकून देऊ नका. जेवढे तुकडे आहेत तेवढे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, ते असले की गहाण पडल्याचा संशय जागच्या जागी संपतो. लॅमिनेशन मात्र करू नका.

मग जाहीर नोटीस. दोन पेपरमध्ये द्या, एक त्या जिल्ह्यात खरोखर वाचला जाणारा मराठी, आणि शहरातली किंवा मोठ्या रकमेची मिळकत असेल तर एक इंग्रजी. वकिलामार्फत दिलेली बरी, म्हणजे हरकती वकिलाच्या पत्त्यावर येतात. मुदत साधारण 14 किंवा 15 दिवस देतात. नकलेसाठी कायद्याने ही लागत नाही पण खरेदीदार आणि बँक हमखास मागतात. छापून आली की अख्खं पान ठेवा, नुसतं कात्रण नको, पेपरचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. मुदत संपल्यावर वकिलाकडून "कोणाची हरकत आली नाही" असं पत्र सही शिक्क्यानिशी घ्या. हे पत्र घ्यायचं लोक हमखास विसरतात आणि पाच वर्षांनी त्या वकिलाला गाठणं अवघड जातं.

प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर. ऑक्टोबर 2024 पासून 100 चा स्टॅम्प जाऊन 500 चा आलाय हे लक्षात ठेवा, पण सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्पची गरज नाही, त्यामुळे कोणासाठी करताय ते आधी ठरवा. बँकेसाठी, खरेदीदारासाठी असेल तर 500 वर. जमीन सामाईक असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या घ्या, बहिणींच्या सुद्धा, विशेष करून बहिणींच्या.

मधल्या काळात नजर ठेवा

ओरिजिनल भलत्या हातात पडलंय अशी शंका असेल तर दुय्यम निबंधकाला आणि तलाठ्याला लेखी कळवून पोच घ्या. दुय्यम निबंधक तुमच्या नुसत्या अर्जावर पुढचा व्यवहार अडवणार नाही, त्याला कोर्टाचा आदेश लागतो, पण तुम्ही वेळेत कळवलं होतं हे कागदावर राहतं. आपली चावडी साइटवर तुमच्या गावाचे चालू फेरफार दिसतात, अधूनमधून तुमचा गट नंबर तिथे आलाय का बघत जा, नोटीस निघाल्यापासून हरकतीला 15 दिवस असतात. कोणी ते कागद ठेवून कर्ज उचललंय का हे सेर्साईच्या (बँकांकडच्या तारणांची नोंद ठेवणारी केंद्रीय संस्था) रजिस्टरमध्ये शोधता येतं, आणि महाराष्ट्रात 2013 पासून असं कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना नोंदणी कार्यालयात द्यावी लागते (नोंदणी अधिनियमाचं कलम 89 बी), ती ई-सर्चमध्ये दिसते. हे दोन्ही शोध कोरे निघाले तर त्यांच्या प्रिंट तारखेसह फाईलला लावा, पुढच्या वकिलाचं निम्मं तोंड तिथेच बंद होतं. खासगी सावकार मात्र यात दिसत नाही.

बँकेनेच हरवलं तर

हे वाटतं त्यापेक्षा जास्त होतं आणि इथे खर्च तुमचा नाही. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2023 चं परिपत्रक आहे, 1 डिसेंबर 2023 पासून लागू. पूर्ण कर्ज फिटल्यावर 30 दिवसात मूळ कागद परत करायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, आणि कागद हरवले किंवा खराब झाले तर सर्टिफाईड कॉपी काढून द्यायला मदत करायची आणि खर्चही बँकेनेच करायचा, फक्त त्यासाठी त्यांना आणखी 30 दिवस मिळतात. तोंडी बोलू नका, लेखी अर्ज, पोच, आणि बँकेच्या लेटरहेडवर "मूळ दस्त आमच्याकडे जमा होता व आमच्याकडून गहाळ झाला, आमचे काही येणे बाकी नाही" असं पत्र मागा. ते पत्र तुमच्या पोलीस दाखल्यापेक्षा भारी आहे. देत नसतील तर बँकेच्या तक्रार विभागाकडे, आणि 30 दिवसात उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, तिला फी नाही.

जिथे नक्कल मिळत नाही

दस्त नोंदवलेलाच नसेल, नुसतं स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं, नोटरी केलेलं साठेखत (पुढे विकायचा करार) किंवा "कच्चं खरेदीखत", तर सरकारकडे काहीच नाही आणि नक्कलही नाही. नोटरीच्या रजिस्टरात फार तर एक ओळ सापडेल. इथे हरवलेला कागद शोधत बसण्यापेक्षा देणारा किंवा त्याचे वारस हयात आणि तयार आहेत तोवर नवीन खरेदीखत रीतसर नोंदवून घ्या, मुद्रांक शुल्क भरावं लागेल, लागू द्या.

मुखत्यारपत्र पुस्तक 4 मध्ये असतं, त्याची नक्कल फक्त त्यातल्या पक्षकारांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींनाच मिळते. नोंदणीकृत मृत्युपत्राची नक्कल करणारा हयात असेपर्यंत फक्त त्यालाच, नंतर कोणालाही. कोर्टातली वाटणी असेल तर त्या कोर्टाच्या नक्कल विभागातून हुकूमनाम्याची प्रत, तहसीलदारांनी जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली केलेली असेल तर तहसीलमधून. बक्षीसपत्र, हक्कसोड पत्र नोंदणीकृत असेल तर सगळं वरच्यासारखंच.

विकताना

पहिल्याच भेटीत सांगून टाका की ओरिजिनल हरवलंय, आणि फाईल समोर ठेवा. नक्कल, इंडेक्स टू, पोलीस दाखला, दोन्ही पेपरची पानं, वकिलाचं पत्र, प्रतिज्ञापत्र, 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (वकिलाने नोंदणीचं जुनं रेकॉर्ड तपासून दिलेला). लपवलं आणि टोकन घेतल्यावर बाहेर आलं की भाव पाडतात. नवीन खरेदीखतात मूळ दस्त गहाळ असल्याचा उल्लेख आणि कोणी हक्क सांगत आला तर भरपाईची जबाबदारी तुमची असं कलम येणार, ते वाजवी आहे, पण ते फक्त हरवलेल्या दस्तामुळे होणाऱ्या नुकसानापुरतं आहे ना हे वाचून सही करा. घेणाऱ्याला कर्ज काढायचं असेल तर त्याच्या बँकेला हे चालतंय का ते टोकनच्या आधी विचारून यायला सांगा, प्रत्येक बँकेचं वकिलांचं पॅनल वेगळं, एक हो म्हणते दुसरी नाही.

आणि सगळं झाल्यावर ओरिजिनल सापडलं, ट्रंकेच्या तळाशी किंवा लग्नाच्या बस्त्याच्या पिशवीत, तर पोलीस स्टेशनला लेखी कळवा, दाखला ज्यांना ज्यांना दिला त्यांना कळवा, आणि तो दाखला परत कुठे वापरू नका. जमीन दरम्यान विकली असेल तर ते ओरिजिनल घेणाऱ्याला पोच घेऊन देऊन टाका, ते आता त्याचं आहे.